दोन बोटं जागा

मंगळवार, नऊ मार्च. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मायतेना इबार्राने सायकलचा ब्रेक दाबला. देशाच्या दक्षिण टोकाला, लापाताइआच्या खाडीपाशी रस्ता संपतो, तिथे एक लाकडी फलक आहे. त्याच्या चाळीस पावलं अलीकडे ती थांबली. बोलिव्हियाच्या सरहद्दीवरून निघाल्याला एकशे सात दिवस झाले होते, पाच हजारांहून जास्त किलोमीटर मागे पडले होते, आणि उरलेली चाळीस पावलं जायला ती तयार नव्हती.

पाऊस धड पडत नव्हता, धड थांबतही नव्हता. तिचा वाटेतला सोबती फाउस्तो फलकापर्यंत पोचून मागे वळला.

"काय झालं? पंक्चर?"

"नाही."

"गुडघा?"

"नाही रे."

"मग?"

"त्या फळीला हात लावला की... संपलं."

त्याने सायकल गवतात आडवी केली आणि चालत तिच्यापाशी आला. दाढीत पावसाचे थेंब अडकले होते. "मग नको लावू," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी पावणेसातला तिचं विमान होतं. सान हुआनच्या डोंगरात, रोदेओ गावात तिची शाळा होती, अकरा मुलांची. रजा पंधरा तारखेला संपत होती. फाउस्तोला इथेच, उशुआइयातल्या एका सायकलच्या दुकानात हिवाळाभराचं काम मिळालं होतं. शुक्रवारी हजर व्हायचं होतं. दोघांनाही हे तीन आठवडे ठाऊक होतं. तीन आठवड्यांत दोघांनीही त्यावर एक शब्द काढला नव्हता.

ओळख झाली ती चोरीतून. चौदा डिसेंबर, भर दुपार, हाचालच्या अलीकडचा उजाड रस्ता. दिफुंता कोर्रेआच्या घुमटीपाशी एक पोरगा पाणी पिताना तिला दिसला. दिफुंता म्हणजे लोकांनी मानलेली संत; नवऱ्याच्या मागे वाळवंटात निघाली आणि तहानेने गेली. बाळ मात्र तिच्या अंगावर पीत जिवंत सापडलं. तिची तहान भागावी म्हणून येणारा-जाणारा भरलेली बाटली ठेवतो. ठेवतो, उचलत नाही.

"लाज नाही वाटत? तिचं पाणी पितोस?"

तो दचकला, पण बाटली सोडली नाही. "तिला विचारलं मी. नाही म्हणाली नाही."

"ती मेलीय!"

"तू जिवंत आहेस ना? मग तू म्हण नाही."

त्याचे ओठ उन्हाने फुटले होते. मायतेनाने नाही म्हटलं नाही. आपली बाटली त्याच्या हातात दिली आणि वर्गातल्या आवाजात शिक्षा सुनावली: इथून पुढे दिसेल त्या घुमटीपाशी एक भरलेली बाटली ठेवायची. शेवटपर्यंत.

"शेवट कुठेय, मास्तरीणबाई?"

"माझा उशुआइयाला."

"काय योगायोग!" तो म्हणाला. "माझाही." मग तोंड पुसत, हळूच — "आत्तापासून."

तो खरं तर एस्केलला, आपल्या घरी चालला होता. हे तिला जानेवारीच्या शेवटी कळलं, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात.

"घरी पोचलास ना? मग परत बॅगा का बांधतोयस?" आईने विचारलं.

"शिक्षा बाकी आहे, आई."

आईने मायतेनाकडे एकदा पाहिलं आणि तिच्या ताटात बटाट्याचा आणखी एक मोठा तुकडा वाढला.

त्याने तिला वाऱ्यात आपल्या मागच्या चाकाला चिकटून चालवायला शिकवलं. साखळीला तेल घालायला शिकवलं. "डावं पेडल काढताना पाना उलटा फिरवायचा," तो म्हणायचा, "तुझ्या स्वभावासारखा." आणि ती म्हणायची, "पाणीचोरा, तू सरळ कधी वागलास?"

भांडण एकदाच झालं, फेब्रुवारीत, दक्षिणेच्या पठारावर. तिथल्या घुमटीपाशी मायतेनाने बाटली अगदी तोंडापर्यंत भरली.

"दोन बोटं जागा ठेव," फाउस्तो म्हणाला.

"तिला अर्धवट देऊ? आमच्याकडे असं देत नाहीत."

"तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी गोठत नाही. इथे गोठतं."

ती ऐकेना. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून असा वारा सुटला की सायकल हातात धरून चालणंही जमेना, आणि दोघं मुकाट्याने त्याच घुमटीच्या आडोशाला परतले. बाटली उभी चिरली होती. आत बर्फ, बाहेर ओघळ. मायतेना खाली बसली आणि रडली. वाऱ्यासाठी, गुडघ्यासाठी, दिफुंतासाठी... सगळ्यासाठी एकदम. फाउस्तोने "सांगितलं होतं" म्हटलं नाही. आपली प्यायची बाटली काढली, दोन बोटं पाणी ओतून टाकलं, झाकण घट्ट केलं आणि चिरलेलीच्या जागी ठेवली.

"रिकामी नाहीये ती जागा," तो म्हणाला. "थंडीसाठी राखलीय."

त्याच दिवशी, त्याच आडोशाला, तिने पहिल्यांदा त्याचा हात आपणहून धरला होता.

आता तोच हात समोर होता, आणि ती तो धरत नव्हती.

"तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "एकदा तरी 'थांब' म्हणालास?"

"तू काय म्हणाली असतीस ते माहीत होतं."

"विचारून तर बघायचं!"

"थांब."

"अकरा मुलं आहेत माझी!"

"बघ."

ती हसली. मग हसता हसता नाक पुसायला लागली. तोही हसला, पण त्याचं हसणं लवकर संपलं.

"मग मी येऊ?" त्याने विचारलं. "रोदेओला?"

"तिथे सायकल दुरुस्त करायला कोण येणार? एक मी, एक तू."

"दोन गिऱ्हाइकं. सुरुवात वाईट नाही."

"थट्टा करू नकोस, फाउस्तो. दुकानाला शब्द दिलायस."

"दिलाय," तो म्हणाला. "तुझ्यावर माझं प्रेम आहे, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. तुला पण नाही. म्हटलं, जागा ठेवावी..."

"इतकी?"

"जास्त झाली का?"

"खूप जास्त," ती म्हणाली, आणि त्याच्या ओल्या जाकिटात तोंड लपवून बराच वेळ तशीच उभी राहिली. "माझंही आहे. चौदा डिसेंबरपासून. तू इतका घाण दिसत होतास, तरी."

चार वाजून पस्तीस मिनिटांनी दोघांनी एकाच वेळी फळीला हात लावला. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

परतीच्या वाटेवर, शहराच्या अलीकडे, शेवटची घुमटी होती. लाल पत्र्याची, गुडघ्याएवढी. बाटली मायतेनाने भरली. तोंडाशी दोन बोटं जागा ठेवली, झाकण लावलं आणि उकिडवी बसली.

"काय मागतेस?" फाउस्तोने विचारलं.

"मागत नाहीये. आभार मानतेय."

"कशाचे?"

"पायांचे. तुझ्या आईच्या बटाट्यांचे. त्या वाऱ्याचे, ज्याने आपल्याला मागे आणलं." ती थांबली. "आणि हिने त्या दिवशी तुला नाही म्हटलं नाही, त्याचे."

फाउस्तो टोपी काढून तिच्या शेजारी बसला. पाऊस पत्र्यावर टिकटिकत राहिला.

बुधवार, दुपारचा एक. सायकलस्वारांना आसरा देणाऱ्या दोन्या ओफेलियाच्या घरी, अंगणातल्या भिंतीला पुठ्ठ्याचं मोठं खोकं टेकवून ठेवलं आहे. त्यात मायतेनाची सायकल भरायची आहे. हँडल सुटलं, पुढचं चाक निघालं, उजवं पेडल निघालं. विमानातली तिची जागा राखलेली आहे. दुकानाला फाउस्तोने अजून काही कळवलेलं नाही.

"अहो, झालं की नाही?" दोन्या ओफेलियाने खिडकीतून विचारलं. "जेवण निवतंय!"

"डावं पेडल अडकलंय," फाउस्तो म्हणाला.

पाऊण तास तो पाना फिरवतोय. जोर लावतोय, कपाळ पुसतोय, पुन्हा जोर लावतोय... उलटा नाही, सरळ बाजूला. पेडल दर वेळी थोडं आणखी घट्ट बसतं आहे. मायतेना पायरीवर बसून बघते आहे. तिने अजून काही म्हटलेलं नाही.