फळीवरची चांदणी

मेलेआनाने फोन टेबलावर सरकवला आणि स्वतः मान फिरवली.

फोनवरच्या फोटोत कूलंगट्टातल्या विनी म्हातारीचं स्वयंपाकघर होतं. फरशीवर विनी आडवी पडलेली, एक हात वर, हातात भांडी पुसायचं फडकं. कोपऱ्यात वार आणि वेळ : मंगळवार, १०.४०.

"दहा ते बारा आजीला सांभाळायची माझी पाळी," ती म्हणाली. "म्हणून सगळे म्हणतात, आजी पडली तेव्हा मी बाहेर चकाट्या पिटत होते. परवा एजन्सी माझं नाव काढून टाकणार. मग कुणाच्याही घरी मला काम मिळायचं नाही."

मॉरीन टली खाजगी तपासाची कामं करायची. शेजारी बसलेला डेस, निवृत्त बसड्रायव्हर, तिची गाडी चालवायचा आणि तिच्या चार पावलं मागून विचार करायचा.

मेलेआनाने देवाला स्मरून सांगितलं, की ती दहाच्या ठोक्याला पोचली तेव्हा आजी आधीच खाली पडलेली होती. तिनेच उचलून खुर्चीत बसवलं. कुणाला कळलं तर मला वृद्धाश्रमात टाकतील म्हणून आजीने हात जोडले, आणि हिने शब्द दिला. दोन दिवसांनी डॉक्टरांना कमरेवरचं काळंनिळं दिसलं. त्यांनी मुलाला विचारलं, तेव्हा मुलाने हा फोटो काढून दाखवला.

मॉरीनने त्या मुलाला, ब्रेटला, फोन केला. "उद्या दहाला आईच्या घरी या."

डेसने चमकून पाहिलं. त्या जोडगावात अशी वेळ कुणी देत नाही. राज्यांची सीमा रस्त्यामधून जाते. उन्हाळ्यात दक्षिणेकडचे घड्याळ तासभर पुढे करतात, उत्तरेकडचे, म्हणजे कूलंगट्टातले, करत नाहीत. केस कापायला जायचं तरी माणसं विचारून घेतात, "तुमचे दहा की आमचे?" कुणाचे दहा, ते मॉरीनने सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं लवकरच विनीकडे गेली. जानेवारी म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा, उकाडा होता, खिडकीवर माश्या घोंगावत होत्या. विनीला ऐकू कमी यायचं. मॉरीनने कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"पडले, तेव्हा ती चांदणी चमकली." विनीने फळीकडे बोट केलं. "तीनदा. मला वाटलं, कुणीतरी आलंय. मी फडकं हलवलं."

फळीवर काड्यापेटीएवढा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड होता, त्यावर कॅमेऱ्याचं वाटाण्याएवढं भिंग. म्हातारी भ्रमली आहे, असं डेसला वाटलं.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले आणि ब्रेट आत आला.

"कुठाय ती? आजही उशीर?" मग त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि हसला. "अरे हो, इथे नऊच. मी पलीकडे राहतो ना, माझ्या डोक्यात माझंच घड्याळ."

चहा-केक घेताना मॉरीनने कॅमेऱ्याचं कौतुक केलं, तसा तो खुलला. बोर्ड त्याने स्वतः, आपल्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून तयार केला होता. वायफाय, वेळ, भिंगाची दिशा, साऱ्या सेटिंग्ज त्याच्याच. इथला पंखासुद्धा फोनवरून चालायचा.

"हालचाल झाली की हा आपोआप फोटो काढतो, गुपचूप. मी फोनवरून मागितला, तरच दिवा लागतो. दरवेळी लागला तर आई दचकते."

"मंगळवारचा फोटो कधी पाहिलात?"

"जेवताना. सकाळभर क्लबात लॉन बोल्सची फायनल खेळत होतो. फोनला हात लावला नाही."

दहाला मेलेआना आली. मॉरीनने तिला विनीशेजारी बसवलं.

"ब्रेट, आत्ता एक फोटो काढा."

त्याने बोट टेकवलं. फळीवर पांढरा दिवा लखकन चमकला. मॉरीनने त्याच्या हातातला फोन घेतला आणि डेसला दाखवला.

फोटोवर वेळ होती ११.०४. भिंतीवर दहा वाजून चार मिनिटं झाली होती.

"बोर्ड तुमच्या टेबलावर तयार झाला, तुमच्या गावची वेळ घेऊन," मॉरीन म्हणाली. "मंगळवारचे दहा चाळीस म्हणजे या घरातले नऊ चाळीस. मेलेआना यायला अजून वीस मिनिटं होती."

"सेटिंग चुकलं असेल. कुणाचंही चुकतं."

"चुकतं. तेवढंच असतं तर मी चहा पिऊन घरी गेले असते. पण आईंनी दिवा पाहिला, तीनदा. आपोआप निघालेल्या फोटोला दिवा लागत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणजे तीनदा कुणीतरी फोटो मागितला. तीनदा आईंना फरशीवर पाहिलं, आणि फोन खिशात ठेवून पुन्हा खेळायला गेलं. डॉक्टरांनी विचारल्यावर स्वतःची अब्रू वाचवायला या बाईला पुढे केलं."

ब्रेटने चहाचा कप बाजूला सारला.

"ती येणारच होती ना दहाला," तो म्हणाला. "वीस मिनिटांचा तर प्रश्न होता."

डेसच्या तोंडातला केकचा घास तिथेच राहिला. सत्तावीस वर्षं बस चालवताना त्याने लोकांच्या ओकाऱ्या पुसल्या होत्या, पण अशी शिसारी त्याला कधी आली नव्हती. त्याने घास रुमालात काढून टाकला.

"एजन्सीला फोन लावा," मॉरीन म्हणाली. "आत्ता जे बोललात, तेच त्यांना सांगा. शब्द बदलू नका."

ब्रेट बोलू लागला तेव्हा विनीला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. मघाशी दिवा चमकला तसं तिने फडकं उचललं होतं. ती ते अजून हलवतच होती.

"आलं का गं कुणी?"

मेलेआनाने तिचा हात धरला. "मी आलेय, आजी."

डेसने फळीवरची वायर उपटली. मग तो बेसिनपाशी गेला आणि त्याने साबण लावून हात धुतले. दोनदा धुतले, तरी त्याला ते स्वच्छ वाटेनात.