पूर्ण निवांत

चंद्रावरच्या शशांक वसाहतीत ढब्बू ससा सकाळपासून मागचा पाय आपटत होता. त्याच्या गळ्यातला देहबोली-दुभाष्या भिंतीवर एकच शब्द उमटवत होता: 'धोका'.

"अहो मॅडम, कसला धोका? पलंगाखालीसुद्धा बघितलं मी," शर्वाणी फोनवर म्हणाली. मांडीवर पाच महिन्यांची रेवा शिंकत होती.

दुभाष्या बनवणाऱ्या डॉ. शिरगुप्पे प्रयोगशाळेतून हसल्या. "अगं, सशाला चमचा पडला तरी धोका! अंग आखडून पाय आपटला, की घाबरलाय. पाय पसरून आडवा झाला, की निवांत. त्यात नाकाची थरथर थांबली, की पूर्ण निवांत. दुभाष्याला एवढंच कळतं. तू मात्र उगाच घाबरू नकोस हं."

उगाच? शर्वाणीला रेवाच्या प्रत्येक शिंकेची भीती वाटे. जमिनीलगतच्या वातझोताच्या झरोक्यातून सतत गार झुळूक यायची. बाळाच्या कानाला वारं लागू नये म्हणून आज सकाळीच तिने त्यात चादर कोंबली होती. आता तिने रेवाला कानटोपी घातली, पलंगावरून पडायला नको म्हणून खाली गोधडीवर निजवलं आणि भोवती उशांचा कोट रचला. ढब्बू उडी मारून आत शिरला.

थोड्या वेळाने आपटणं थांबलं. ढब्बू पाय पसरून रेवाच्या उशाशी आडवा झाला. भिंतीवर शब्द आला: 'निवांत'.

चला, सुटलो एकदाचे! शर्वाणीने चहा ठेवला. पण नजर पुन्हा तिकडे गेलीच. ढब्बूचं नाक भात्यासारखं चाललं होतं.

तिने फोन लावला. "मॅडम, आडवा झालाय, पण नाक भराभर हलतंय."

डॉक्टरांचा आवाज बदलला. "असं होत नाही. निवांत सशाचं नाक मंदावतं. हवा कशी आहे तिथली?"

"हवामापक हिरवा आहे."

"कुठे लावलाय तो?"

"दाराशेजारी. माझ्या डोक्याइतका उंच."

"आणि ससा?"

"खाली. रेवाजवळ."

"झोत चालू आहे ना? इथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून गरम श्वास पृथ्वीसारखा पटकन वर निघून जात नाही गं. झोतानेच हलवावा लागतो. नाहीतर सोडलेली हवा तोंडापाशीच साचते. प्राण्याला आधी गुदमरतं, मग गुंगी येते..."

पुढचं ऐकायला शर्वाणी थांबली नाही. उशा उडाल्या. रेवाची मान तिच्या हातात लुळी पडली, ओठ निळसर दिसले. तिने झरोक्यातली चादर हिसकून काढली आणि रेवाचं तोंड झोतासमोर धरलं.

"रेवा! ए बाळा! रड गं, रड ना!"

बाळाने आचका दिला. मग किंचाळून रडू लागलं. तिला छातीशी घट्ट आवळून शर्वाणी तिथेच बसली.

ढब्बू तसाच पाय पसरून पडला होता. नाक आता हलत नव्हतं.

भिंतीवर अक्षरं बदलली: 'पूर्ण निवांत'.