डाव्या वळणाची गाठ

"शेवंती! ...कुणाला विचारून बसलीस तू त्या बैठकीवर?"

हौसाबाईंच्या हातातलं पन्ह्याचं भांडं हिंदकळलं आणि शेवंतीच्या बोटांतला रेशमाचा धागा जागच्या जागी थबकला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका यायची वेळ झालेली, माजघरात गौर झोपाळ्यात बसलेली, कैरीच्या डाळीचा वास घरभर सुटलेला... आणि इथे ओसरीवर, सासऱ्यांची पेटी उघडून, ही सून त्यांच्या जागेवर बसलेली! मांडीवर काय, तर विमलाबाईंच्या नीलाचं नवं मंगळसूत्र! लग्न परवावर आलेलं.

"आणि तेही डाव्या हातानं?" हौसाबाईंना धाप लागली. पौषापासून दम्यानं त्यांचा पिच्छा पुरवला होता.

"सासूबाई, आधी बसा ना तुम्ही. त्रास होईल."

"माझ्या त्रासाचं राहू दे! नव्या नवरीचं लेणं ते... देवाला तरी भ्यायची होतीस गं!"

शेवंतीनं मान खाली घातली. खरं सांगावं तर मामंजींची अब्रू जाणार होती...

कल्याणात पारनाक्यावर दौलतराव पटवेकऱ्यांच्या हाताला चाळीस वर्षं मान होता. सोनारानं घडवावं आणि दौलतरावांनी रेशमात ओवावं, की तो दागिना जन्मभराचा झाला, असं बायका म्हणत. पण गेल्या दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. महिन्याभरानं काठी धरून चालू लागले, हातही उचलू लागले. मात्र बोटांतला कंप काही जाईना. डॉक्टर म्हणाले, आता काम पुरे. पण रोज सकाळी स्नान करून, बैठकीला नमस्कार करून ते बसतच. एकुलता एक रघु ठाण्याच्या कचेरीत कारकून. त्याच्या हाती ही विद्या कधी लागलीच नव्हती.

मार्गशीर्षात एका दुपारी ओसरी झाडताना शेवंतीनं एक ओवलेली पोत उचलली, तो काय! काळे मणी सरसर घरंगळले... गाठ सैल होती! असं मंगळसूत्र कुणाच्या गळ्यातून सुटलं असतं तर? आणि कुणी मामंजींना तोंडावर बोललं असतं, तर त्या माउलीसारख्या माणसानं पुन्हा अंथरूणच धरलं असतं!

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी ती लग्न होऊन ह्या घरात आली होती. सात वर्षं त्यांना पाणी देता देता, चहा देता देता त्यांची बोटं ती बघत आली होती. त्या दिवसापासून मामंजी दुपारी जरा आडवे झाले, की ती हातपाय धुऊन, देवापुढे हात जोडून बैठकीवर बसे, आणि सैल गाठी सोडून पुन्हा घट्ट बांधून ठेवी. पूजा, जेवण सारं उजव्या हातानं; पण सुई धरावी ती डाव्यानंच. माहेरी, माजिवड्याला, लहानपणी आईनं चिंधी बांधून ठेवली होती त्या हाताला... तरी तो ऐकला नव्हता.

"अगंबाई! हे काय?"

दारात विमलाबाई उभ्या होत्या. नीलाची आई. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"विमलाताई, मी पाया पडते तुमच्या. हिला उद्याच माहेरी धाडते. मंगळसूत्र नव्यानं ओवून देतील हे..."

"मी नाही देणार!"

काठी टेकत दौलतराव बाहेर आले. "आणि ती कुठं जायची नाही. अगं, माझी गाठ उजवीकडे वळते. मार्गशीर्षात एका सकाळी बघतो, तर गाठ डावीकडे वळलेली आणि माझ्यापेक्षा घट्ट! पहिल्या दिवशी मी रडलो. दुसऱ्या दिवशी हसलो. आणि मग..." ते ओशाळून म्हणाले, "मग मी मुद्दामच सैल सोडू लागलो!"

"मुद्दाम?" शेवंती चकित झाली.

"तुझा हात बसावा म्हणून गं, पोरी! बोललो असतो, तर तुझ्या सासूनं पेटीला कुलूप घातलं असतं. पण नाव माझं होत राहिलं आणि तू गप्प राबत राहिलीस... चुकलो मी. विमलाबाई, तुमच्या गळ्यातली गाठही हिचीच आहे. पौषातली."

विमलाबाईंचा हात नकळत मानेमागे गेला.

"पौषात," त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांना विषमज्वर होता. एकवीस दिवस. त्यात माझी पोत तुटली. गळा मोकळा नको म्हणून हळदीचा दोरा बांधून मी घरी बसले होते, देवाचा धावा करत. संध्याकाळी तुमच्याकडून पोत आली, मी घातली... आणि पहाटे ह्यांना घाम फुटून ताप उतरला!" त्यांचे डोळे भरून आले आणि त्या हसल्याही. "माझ्या नीलाचं हिच्याच हातानं पुरं होऊ द्या. आणि हौसाबाई, डाळ वाढा बघू, मला भूक लागलीय!"

हौसाबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी पदर सारला. त्यांच्या मंगळसूत्राचं रेशीम दोन जागी विरलं होतं; साध्या पांढऱ्या दोऱ्यानं कसंबसं बांधलं होतं.

"अगं, हे कधीपासून?" दौलतराव कळवळले.

"पौषापासून. तुम्हाला कसं सांगणार होते मी? माझंच ओवताना आपला हात थरथरलेला बघून तुमचा जीव तुटला असता..."

म्हणजे एकाच छपराखाली तिघंही एकमेकांचं मन जपत, एकमेकांपासून लपवत बसली होती! शेवंतीला हसू आलं आणि रडूही.

हौसाबाईंनी गौरीपुढच्या हळदीत दोरा बुडवून गळ्यात बांधला, मगच मंगळसूत्र काढलं. शेवंतीनं सवयीनं उजवा हात पुढे केला. सासूनं तो हलकेच बाजूला सारला आणि तिच्या डाव्या तळहातावर आपलं सौभाग्य ठेवलं.

"नीलाचं झालं, की माझं घे हो, बाळ."

"आणि मी?" दौलतराव बैठकीच्या शेजारी, पहिल्यांदाच बाजूला, मांडी घालून बसत म्हणाले.

"तुम्ही धाग्याचं दुसरं टोक धरा, मामंजी."

त्यांनी टोक धरलं. हात थरथरला, आणि धाग्यावरचे मणी एकमेकांवर किणकिणले. आज त्यांनी तो हात लपवला नाही. हौसाबाई पन्हं ओतता ओतता ऐकत राहिल्या.

"वाजू देत," त्या म्हणाल्या, "गौरीलाही ऐकू देत."