सक्कारातला पाहुणा

लंडनजवळच्या हॅरोतल्या मराठी घरांत ही गोष्ट कुणी मोठ्या आवाजात सांगत नाही. पण ती घडलेली आहे. ज्यांच्या घरात घडली, त्या सुनीतीताई गुर्जर आजही त्याच घरात राहतात.

साल २००६. नोव्हेंबर महिना. नॉर्थ हॅरो स्टेशनपासून चालत जाण्यासारखं एक जुनं सेमी-डिटॅच्ड, एकाच बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं घर.

आणि हे रात्री-बेरात्री घडलं नाही. भर दुपारी घडलं. जेवणाच्या वेळेला.

त्याच्या महिनाभर आधी शशिकांतराव आणि सुनीतीताई क्रूझला गेले होते. शशिकांतराव कौन्सिलमधून रिटायर झाले होते, त्यानिमित्तची ही ट्रिप. साउदॅम्प्टनहून बोट निघाली, एकेक बंदर करत इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला लागली. तिथून दिवसभराची गाईडेड टूर होती. बंदरावर कोच, छातीवर कोचच्या नंबराचा स्टिकर, पुढेमागे पोलिसांच्या गाड्या. आधी पिरॅमिड आणि मग सक्कारा.

सक्काराला एक दगडी थडगं होतं. आत एक लहानशी खोली. समोरच्या भिंतीत दार कोरलेलं. चौकट, उंबरठा, सगळं अगदी दारासारखं. पण आरपार काही नाही. नुसता दगड.

नादिया नावाची गाईड सांगत होती, "याला खोटं दार म्हणतात. जिवंत माणसासाठी ते बंदच आहे. मेलेला माणूस मात्र यातून बाहेर येतो, समोरच्या दगडावर ठेवलेलं जेवतो आणि परत जातो, अशी समजूत होती. म्हणून घरचे लोक इथे जेवण आणून ठेवायचे."

"आता कोण ठेवतं?" एका म्हातारीने विचारलं.

"आता कुणी नाही," नादिया म्हणाली.

ग्रुप बाहेर पडला. शशिकांतराव मात्र भिंतीला टेकले. त्यांना डायबेटिस होता. उन्हाने आणि उपाशीपोटी चालण्याने त्यांना गरगरायला लागलं होतं. सुनीतीताईंनी पर्समधला बेसनाचा लाडू काढला, कागद उलगडून समोरच्या त्या दगडावर ठेवला आणि पाण्याची बाटली शोधायला लागल्या.

शशिकांतरावांचा स्वभावच थट्टेखोर. चक्कर येत असतानाही त्यांनी त्या दाराकडे बघून हात जोडले.

"या हो! या जेवायला!"

"अहो, गप्प बसा आणि खा आधी," सुनीतीताई म्हणाल्या.

शशिकांतरावांनी लाडू उचलला आणि तोंडात टाकला. चावता चावता थांबले.

"अगं... याला गोडीच नाही."

"काहीतरीच काय. साखर मोजून घातलीय मी."

"नाही गं. काहीच चव नाही. भुसा खाल्ल्यासारखं वाटतंय."

मागे पावलं वाजली. नादिया दोघांना शोधत परत आली होती. हे काय बोलले, असं तिने हसत विचारलं. सुनीतीताईंनीही हसतच सांगितलं, आमच्याकडे जेवताना कुणी आलं की असं म्हणायची पद्धत आहे.

नादियाचं हसू मावळलं.

"बोलावलंत... आणि मग स्वतःच खाल्लंत?"

एवढंच म्हणाली ती. नंतर बोटीपर्यंत तिने दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही.

हॅरोला परत आल्यावर सुनीतीताई हे विसरूनही गेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी आमटी केली. गोडा मसाला, आमसूल, गूळ. किचनभर वास सुटला होता. डायनिंग टेबलावर आणून वाढली, पहिला घास घेतला...

काहीच नाही.

मीठ नाही, आंबट नाही, तिखट नाही. त्यांना वाटलं, सर्दी झाली असेल. चारचौघांना होते तशी.

पण सर्दी नव्हती. भातही तसाच. लोणचंसुद्धा तसंच. जिभेवर लोणच्याची फोड ठेवून त्या बसून राहिल्या. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागत होती.

रीडिंगहून मुलगी आली. रश्मी तिथे एका आयटी कंपनीत होती. जन्म इथलाच.

"आई, हा आमटीमध्ये मीठ टाकलंच नाही का तू? सीरियसली, काही टेस्टच नाही." मग वडिलांकडे बघून ती हळूच म्हणाली, "आणि बाबा एवढा बारीक कसा झाला?"

शशिकांतराव खरंच वाळत चालले होते. जेवण तर पूर्वीपेक्षा जास्त होतं. तीन-तीनदा भात घ्यायचे. तरी पँटच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, तपासण्या केल्या, हॉस्पिटलमध्ये पाठवलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. शुगरसुद्धा.

रश्मी निघताना आईला स्टेशनजवळ घेऊन गेली. दोघींनी फिश अँड चिप्स घेतले आणि गाडीतच बसून खाल्ले. व्हिनेगरचा आंबटपणा सुनीतीताईंच्या जिभेला झोंबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

उरलेले चिप्स त्यांनी शशिकांतरावांसाठी घरी आणले. डायनिंग टेबलावर ठेवले. एक उचलून तोंडात घातला.

पुठ्ठा.

तेव्हा पहिल्यांदा त्यांना कळलं. म्हणजे बिघाड आपल्या जिभेत नव्हता. या खोलीत होता.

आवाज त्यानंतर सुरू झाले. किंवा आधीपासून असतील, त्यांनी लक्ष दिलं नसेल.

दुपारी ताटं मांडली की भिंतीतून यायचे. शशिकांतराव ज्या भिंतीकडे पाठ करून बसायचे, त्या भिंतीतून. आधी घर्रर्र... दगडावरून दगड सरकवावा तसं. मग कुणीतरी सावकाश खाली बसल्यासारखं. मग एक लांब श्वास...

आणि मग शांतता. पण रिकामी नव्हे. कुणीतरी वाट बघतंय, अशी शांतता.

त्या भिंतीपलीकडे शेजार नव्हता. घराच्या बाजूचा बोळ होता, कचऱ्याचे बिन ठेवायचा. सुनीतीताई छत्री घेऊन बाहेर जाऊन बघून आल्या. कुणी नव्हतं. विटा पावसाने चिंब झालेल्या, हात गारठेल इतक्या थंड.

आत येऊन त्यांनी त्याच भिंतीला आतून हात लावला.

गरम होती.

दिवसभर उन्हात तापलेल्या दगडासारखी. त्या भिंतीला ना रेडिएटर होता ना पाइप. बाहेर डिसेंबरचा पाऊस पडत होता.

"अहो, हात लावून बघा इकडे," त्या म्हणाल्या.

"जुनं घर आहे गं," शशिकांतराव म्हणाले. त्यांनी हात काही लावला नाही. खरं तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. तेव्हा ताईंच्या लक्षात आलं, यांनाही ऐकू येतंय. फक्त ते बोलत नाहीयेत.

एका दुपारी सुनीतीताई दुकानातून भाजी घेऊन आल्या. लॅच उघडून आत पाऊल टाकलं आणि डायनिंग रूममधून नवऱ्याचा आवाज आला.

"घ्या ना... संकोच करू नका. अजून घ्या थोडं..."

पाहुण्याला आग्रह करतात तसा.

त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. शशिकांतरावांनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं होतं. भरलेलं ताट दोन्ही हातांनी पुढे धरलेलं. डोळे उघडे, पण पापणी लवत नव्हती.

"अहो!"

त्यांनी मान वळवली. सुनीतीताईंना ओळखायला त्यांना वेळ लागला.

"जेवायला बसतोय," ते म्हणाले. मग हातातल्या ताटाकडे बघून गोंधळले. "तू कधी आलीस?"

ते बोलत असताना त्यांच्या मागे भिंतीतून श्वास आला. लांब... कोरडा... अगदी जवळून.

सुनीतीताईंनी त्यांना दंडाला धरून ओढतच किचनमध्ये नेलं. दंड हातात आला तेव्हा ताईंना जाणवलं. कापडाच्या आत काही उरलंच नव्हतं.

तिथे ओट्याशी उभ्या असताना त्यांना नादियाचे शब्द आठवले. बोलावलंत आणि स्वतःच खाल्लंत. त्यांच्या माहेरी दाराशी आलेल्या कुणालाही वाढल्याशिवाय पाठवत नसत. आणि इथे तर बोलावून, पान समोर मांडून, मग ते ओढून घेतलं होतं.

भूक त्या बोलावलेल्याची होती. ती आता यांच्या अंगात मुरत होती.

त्या दिवशी सुनीतीताईंनी सणावाराला करतात तसा स्वयंपाक केला. वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, लिंबाची फोड, बेसनाचे लाडू. घरात पाट नव्हता, म्हणून त्या भिंतीसमोर धुतलेलं वस्त्र घडी घालून अंथरलं. पान वाढलं. पाण्याचा पेला ठेवला.

"आमचं चुकलं," त्या भिंतीला म्हणाल्या. "सावकाश होऊ द्या."

दार ओढून घेतलं. किचनमध्ये नवऱ्याचा हात धरून बसल्या.

घर्रर्र...

मग बराच वेळ काहीच नाही. शशिकांतरावांचं कपाळ घामाने भिजलं होतं. मग पेला ठेवल्याचा बारीक आवाज... आणि पुन्हा घर्रर्र. या वेळी लांब जात जात...

सुनीतीताईंनी दार उघडलं. पान जसंच्या तसं होतं. एक शीतही हललं नव्हतं. त्यांनी लाडूचा तुकडा जिभेवर ठेवला. भुसा.

भिंत गार पडली होती.

किचनमध्ये शशिकांतराव पातेल्यातलं वरण वाटीत घेऊन पीत होते. पिता पिता रडत होते.

"अगं, खारट आहे," ते म्हणाले. "किती छान खारट आहे..."

त्या दिवसापासून सुनीतीताईंनी रोज दुपारी एक पान वाढलं. मार्चपर्यंत शशिकांतरावांच्या अंगावर पुन्हा मांस चढलं. ट्रिपला मात्र दोघं पुन्हा कधी गेले नाहीत. एकदाच, रश्मीकडे राहायला गेले तेव्हा दोन दुपारी पान चुकलं. परत आले तर हॉलचीसुद्धा भिंत गरम होती.

२००८ च्या थंडीत शशिकांतराव गेले. हार्ट अटॅकने, हॉस्पिटलमध्ये. त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. सुनीतीताईही तसंच म्हणतात.

रश्मीने खूप समजावलं. "आई, घर विकून टाक. माझ्याजवळ ये ना रीडिंगला. एकटी काय करतेस तू इथे?"

एजंटसुद्धा येऊन गेला. एक तरुण जोडपं घर बघायला आलं होतं. त्यातल्या बायकोच्या कडेवर बाळ होतं, दूध पिणारं. ती त्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "किती उबदार खोली आहे!"

सुनीतीताईंनी त्याच दिवशी एजंटला फोन करून नाही सांगितलं.

तेव्हापासून त्या तिथेच आहेत. दुपारी कुणाकडे जात नाहीत, कुणाला जेवायला बोलावत नाहीत. रश्मीला एवढंच वाटतं की आईला बाबांच्या आठवणींतून बाहेर पडता येत नाही. ताई तिला तसं वाटू देतात.

फक्त तिथल्या मराठी मंडळातल्या एका जुन्या मैत्रिणीला, अलकाताईंना, त्या एकदा बोलून गेल्या. किचनमध्ये पोळ्या लाटत होत्या. अलकाताईंनी सहज विचारलं, एकट्या माणसाला एवढ्या पोळ्या कशाला?

सुनीतीताईंचं लाटणं थांबलं. त्यांनी डायनिंग रूमच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं.

"यांना जाऊन महिना झाला आणि भिंत पुन्हा तापली," त्या म्हणाल्या. "पान वाढलेलं असूनही. तेव्हापासून मी दोन पानं वाढते."

"दुसरं कुणाला?"

सुनीतीताई पुन्हा पोळी लाटायला लागल्या.