मागच्या खोलीतला जनरेटर

नवी सून सासरी पहिली खरेदी पडद्यांची करते म्हणतात. मी जनरेटरची केली. लग्नाला दोन महिने झाले होते. वादळाने वीज गेलेली, नवरा नोकरीच्या गावी अडकलेला, आणि घरात सासरे ऑक्सिजनच्या मशीनवर. जोडीला एकच छोटा सिलिंडर होता.

दुकानदाराने मशीनचे वॅट विचारून घेतले. म्हणाला, "हा पुरेल. पण घरापासून वीस फूट लांब ठेवा, धुराचं तोंड पलीकडे. घरात ठेवलात तर काही कळणार नाही, ताई. नुसती झोप येईल."

अंगणाच्या टोकाला मी तो पत्र्याच्या आडोशाला ठेवला आणि जाड वायर खिडकीतून आत घेतली. मशीन घुरघुरलं. सासूबाई पहिल्यांदाच मनापासून हसल्या. "अगंबाई, आमच्या मुक्या सूनबाई कामाच्या निघाल्या की!"

दुपारी पाऊस तिरका झाला. मी पेट्रोल आणायला गेले. परतले तर आडोसा रिकामा... आणि आवाज घरातून येत होता.

नवी वस्तू भिजेल म्हणून सासूबाईंनी शेजाऱ्यांकडून तो मागच्या खोलीत आणवला होता. खिडक्या लावलेल्या, दारांच्या फटीत टॉवेल कोंबलेले. सगळं अगदी काळजीने. त्या खुर्चीत मान टाकून बसल्या होत्या. गाल लालबुंद. इतक्या टवटवीत त्या कधीच दिसल्या नव्हत्या.

तोंडाला पदर लावून मी जनरेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, मशीनची पिन उपटली. आधी सासूबाईंना बाहेर ओढलं, मग सासऱ्यांचा मास्क उशीवरच टाकून त्यांना चादरीसकट ओसरीवर आणलं आणि सिलिंडर लावला. डोकं फुटत होतं. फोनवर अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, "झाडं पडलीत. तासभर तरी लागेल."

सिलिंडर वीस मिनिटांत संपला. त्याची नळी मी काढून टाकली.

सासऱ्यांचे ओठ निळे पडले. "बाबा, श्वास घ्या ना... बाबा, ऐका माझं..." मी त्यांची छाती चोळत राहिले. छाती हलेना.

तेवढ्यात आत मशीन घुरघुरलं.

वीज आली वाटलं. पण विजेची तुटलेली तार समोर रस्त्यातच पडली होती. घुरघुर चालूच राहिली... आणि बाबांची छाती हलली. वर. खाली. नाकाशी काहीही नसताना.

सासूबाईंनी डोळे उघडले. कान देऊन ऐकलं. माझं मनगट घट्ट धरलं.

"ते बंद कर..."

"आई, बाबा श्वास घेताहेत."

"म्हणूनच म्हणते. बंद कर ते, पोरी..."

मी उठले नाही. फक्त खिडकीतून आत पाहिलं. पलंग रिकामा होता. पण उशी मधोमध खोल दबलेली होती, आणि तिच्यावर पडलेल्या मास्कच्या आत वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती. दर वेळी आधी तिथे... आणि मग माझ्या हाताखाली, बाबांच्या छातीत.