खांबच्या स्ट्रॉबेरीची न उघडलेली बाटली

वास आधी आला, माणूस मागून.

कोलाडला मावशीकडे दोन दिवस राहून मी पेणला परत निघाले होते. माघ महिना, सकाळची एसटी, खिडकीतून गार वारा... आणि खांबच्या थांब्यावर गाडीत असा काही वास शिरला की पुढच्या बाकावरच्या म्हातारीनेही मान वळवली. गुलाब म्हणावा तर गुलाब नाही, आंबा म्हणावा तर हंगाम नाही. वासामागून ओल्या गोणपाटाने झाकलेली टोपली आली आणि टोपलीमागून एक उंच, उन्हाने रापलेला, संकोची तरुण. गाडीत जागा एकच होती, माझ्या शेजारची.

नागोठण्यापर्यंत मी कळ काढली. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते ते काही खोटं नाही. शेवटी विचारलंच, "काय हाय हो त्यात?"

त्याने बोलण्याऐवजी गोणपाटाचा कोपरा उचलला. मी स्ट्रॉबेरी पाहिली होती ती फक्त आइस्क्रीमच्या कागदावर. खरी अशी असते? इतका लाल रंग एवढ्याशा जागेत मावतो तरी कसा! आणि बिया चक्क बाहेर, अंगावर. सगळी फळं बिया पोटात लपवतात, हिला कशाची लाजच नव्हती. त्याने एक माझ्या तळहातावर ठेवली. मी खाल्ली आणि थेट वडखळ येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. ज्यांना मी माहीत आहे त्यांना कळेल, ही केवढी गोष्ट झाली ते.

"आवडली नाय का?" त्याने घाबरत विचारलं.

"गप बसा हो... अजून तोंडात हाय."

तो हसला. खाली बघून, एका गालात. तेव्हाच काहीतरी झालं असणार. पण मी म्हटलं, स्ट्रॉबेरीचा अंमल असेल.

त्याचं नाव हिरामण. भात कापून झाल्यावर त्यांच्याकडे सगळे वाल लावतात, तसा त्याने दोन गुंठ्यांत हा उद्योग मांडला होता. रोपं थेट महाबळेश्वरहून आणलेली. गाव हसलं. वडील, हैबतराव, हसले नाहीत, पण त्यांनी एकच प्रश्न घातला होता : वाल डब्यात वर्षभर राहतो, तुझं फळ किती राहतं? उत्तर त्याच्या मांडीवरच्या टोपलीत होतं. खांब ते पेण एवढ्यात निम्मी फळं मऊ पडून रस गाळायला लागली होती. त्यातून हैबतरावांना साखरेचा आजार. पाडव्यापर्यंत हे फळ टिकवून दाखव, तेही मला खाता येईल असं. नाहीतर रोपं उपटून गुजरातेत वापीला मामाच्या कंपनीत जा, असा त्यांचा निकाल होता. वापी हा शब्द मला त्या दिवसापर्यंत मुळीच लागला नव्हता. त्या दिवशी लागला.

पेणच्या रामवाडीला उतरल्यावर मी त्याला धोंडुबाईंकडेच नेलं. धोंडुबाई माझी मालकीण. तिच्या ओटीवर आम्ही सहा जणी पोह्याचे पापड लाटायचो. ऊन, मीठ, बरणी आणि बुरशी यांतलं तिला जे कळत नाही ते कोणालाच कळत नाही, असं आख्खी रामवाडी मानायची. तिने एक स्ट्रॉबेरी चाखली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मुरांबा कर याचा. पण साखर ओतून नाय. साखरेत तर दगडबी टिकेल."

चार दिवसांनी तो ताजी फळं घेऊन आला. धोंडुबाईंच्या मागच्या अंगणात चूल पेटली. फळाच्या चौथ्या हिश्श्याइतकीच साखर, दोन लिंबं आणि घट्टपणासाठी अर्धकच्चे पेरू उकळून गाळलेलं पाणी. रंग नाही, इसेन्स नाही. हिरामण ढवळत होता, मी फेस काढत होते. मग जे झालं ते मी आजही विसरले नाही. फळं हळूहळू पांढरी पडली. अगदी फिकट, जणू जीवच गेला. सगळा रंग रसात उतरला आणि रस पेटल्यासारखा लाल झाला. आम्ही दोघं काळजीने एकमेकांकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने त्याच फळांनी तो रंग पुन्हा पिऊन घेतला, पहिल्याहून गडद, माणकासारखा. पातेल्यावर वाकलेलं त्याचं तोंड त्या लालीने उजळलं होतं. मी फेस काढायची थांबले.

"फेस..." तो म्हणाला.

"दिसतोय मना," मी म्हणाले. मला दिसत होतं ते काही वेगळंच.

उतरवायचं कधी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी एक थेंब ताटलीत टाकला, गार होऊ दिला आणि हलकी फुंकर मारली. थेंबावर बारीक सुरकुती आली. माझे बाबा, काळुराम, धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात राबतात. खाऱ्या पाण्यावर मीठ धरायच्या आधी अशीच साय येते, वाऱ्याने अशीच सुरकुतते. ती ओळखायला मी चालायला लागल्यापासून शिकले आहे.

"उतरवा," मी म्हटलं.

त्याने पातेलं उतरवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बसमध्ये त्या फळाकडे पाहिलं होतं. जन्मभर खारं पाणी बघत आले. त्याचं कौतुक कोणी करावं, असं कधी वाटलंच नव्हतं.

गरम पदार्थ बरणीत भरायचा नाही, वाफ धरते आणि बुरशी येते, हा धोंडुबाईंच्या लोणच्याचा कायदा. त्यामुळे पातेलं रात्रभर फडक्याखाली गार व्हायला ठेवायचं ठरलं. पण माझी धरमतरकडची शेवटची गाडी सुटायला आली होती. हिरामणने उकळत्या पाण्यातून काढलेली एक छोटी बाटली उचलली, त्यात तसाच चटका देणारा जॅम काठोकाठ भरला, झाकण घट्ट लावलं आणि माझ्या पदरात गुंडाळून दिली. "सांभाळ गो, भाजेल," एवढंच म्हणाला. पहिल्यांदाच मला अहो-जाहो केलं नाही त्याने.

बाकी बारा बाटल्या सकाळी रीतसर भरल्या. दहाव्या दिवशी बाराही बाटल्यांत पांढरी लव आली.

हिरामण आला तेव्हा मी पापड लाटत होते. तो ओटीच्या पायरीवर बसला. वापीला येतो म्हणून मामाला कळवावं लागेल, असं त्याने धोंडुबाईंना सांगितलं. माझ्याकडे बघून काही सांगितलं नाही. माझं लाटणं थांबलं. तेरावी बाटली! मी त्याला तिथेच बसायला सांगून गाव गाठलं आणि दोन तासांनी परत येऊन ती त्याच्या हातात ठेवली. स्वच्छ, लाल, लखलखीत.

"खाल्ला नाय तू?" त्याने विचारलं.

"नाय."

"का?"

"संपला असता ना..." एवढं बोलून मी अशी काही लाजले की धोंडुबाईंनी खोकल्याचं सोंग आणलं.

मग तिनेच बाटली उन्हात धरून कितीतरी वेळ पाहिली. चाळीस वर्षं लोणची घालणारी ती बाई स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाली, "माझाच कायदा आडवा आला गो. लोणच्याला तेल राखतं, मीठ राखतं. याला राखायला आगच पायजे."

दुसऱ्या खेपेला आम्ही जॅम उकळता असतानाच उकळत्या बाटल्यांत भरला आणि झाकणं लावून बाटल्या पालथ्या ठेवल्या. दोघांचीही बोटं भाजली. त्या बाटल्या तो खांबला घेऊन गेला. पाडव्याला सव्वा महिना होता. तेव्हा मोबाईल नव्हते, निरोप यायचा तो एसटीच्या कंडक्टरकडून, आणि कंडक्टर रोज मिश्कीलपणे एकच सांगायचा, "अजून लाल हाय म्हणून सांगितलंय." तेवढ्याच शब्दांवर मी सव्वा महिना काढला.

पाडव्याला धोंडुबाई मला घेऊन खांबला गेली. अंगणात गुढी, ओसरीवर हैबतराव. मोठ्या मिश्या, कमी बोलणं. त्यांनी स्वतः झाकण फिरवलं. टक् असा आवाज झाला आणि माघातल्या त्या सकाळचा वास चैत्राच्या उन्हात अंगणभर पसरला. शेजारीपाजारी बोलायचे थांबले. डॉक्टरांनी मुभा दिलेला एक छोटा चमचा त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर घेतला, खाल्ला, आणि बराच वेळ शेताकडे बघत बसले.

"वालाच्या जागेत आलं हे?" शेवटी त्यांनी विचारलं. मग मिशी पुसत म्हणाले, "रोपं ठेव रे. वालाला दुसरं शेत हाय."

मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी परसदारी निघून गेले. समोरच ते दोन गुंठे होते, उन्हाने सुकत चाललेल्या पानांत शेवटची चार-दोन फळं. मागून हिरामण आला. जीभ तोंडात असून उपयोग नसतो असे क्षण असतात. पण मी ठरवूनच आले होते.

"एक सांगते," मी म्हणाले. "बाटली बिघडली असती ना... तरी तू जाऊ नये असं वाटत होतं मना. जॅमसाठी नाय. माझ्यासाठी."

तो एक पाऊल जवळ आला.

"मामाला पत्र टाकलं," तो म्हणाला. "येत नाय म्हणून."

"आत्ता? आत्ताच तर झाकण उघडलं."

"आत्ता नाय गो." त्याने माझ्या भाजलेल्या बोटावरच्या डागावर अंगठा ठेवला. "तू तुझी बाटली घेऊन धावत आलीस... त्याच दिवशी टाकलं."