दोन किलो जास्त

"हा काटा खोटं बोलतो," असं म्हणत मी वजनाचा काटा काटे दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

तो स्क्रू पिळत होता. त्याने वर बघितलं, हसला... आणि आपण केस न विंचरताच घरातून निघालोय, हे मला तेव्हा आठवलं.

"काय म्हणतो बिचारा?"

"दोन किलो जास्त दाखवतो."

"बायकांच्या सगळ्याच काट्यांचं हे दुखणं असतं."

"माझं वजन नाहीये ते! माझ्या बाबांचं आहे."

"हो हो," तो गंभीरपणे म्हणाला, "बहुतेक वेळा बाबांचंच असतं."

वात्रट मेला! पण हसू आलंच. कितीतरी दिवसांनी आलं.

आमचं घर शिंप्याचं. घरात दोघंच, बाबा आणि मी. तीन महिन्यांपूर्वी बाबांना हार्ट अटॅक आला आणि हॉस्पिटलमधून ते निम्मे होऊन घरी आले. स्वतः शिवलेला सदरा त्यांच्याच अंगावर लोंबायला लागला. त्यामुळे परवा पायजमा कमरेत घट्ट झाला, तेव्हा मला कोण आनंद! 'बाबांनी अंग धरलं!' म्हणत मी कमरेच्या शिवणीत दुमडून राखलेलं जादा कापड, म्हणजे माया, मोकळी केली. मोज्यांचे वळ पायावर उठायला लागले, तर मोज्यांचं इलॅस्टिक कापून टाकलं. शिंप्याच्या घरात काही घट्ट झालं की शिवण उसवायची, माणसाकडे बघायचं कुणाला सुचतच नाही.

रोज सकाळी वजन करा, असं हॉस्पिटलमधल्या सिस्टरनी बजावलं होतं. बाबा निमूटपणे करायचे. पण काटा वर सरकायला लागला, तसे ते वैतागले. "यंत्र बिघडलंय. दोन किलो खाली करून आण," असा हुकूम सुटला आणि मी इथे आले.

त्याने पितळी वजनं एकेक करून काट्यावर ठेवली. दुकानात तेलाचा आणि घासलेल्या धातूचा वास होता. त्याची बोटं काळवंडलेली, पण वजन असं अलगद ठेवायची, जणू खाली कुणी झोपलंय.

"आता तुम्ही उभ्या राहा."

"मुळीच नाही!"

"बरं, मीच राहतो." तो आमच्या काट्यावर उभा राहिला, मग दुकानातल्या मोठ्या काट्यावर. आकडा तोच. "तुमचा काटा खरा आहे हो."

"थोडा खाली करून द्या ना... बाबांना बरं वाटेल."

त्याने मान हलवली. "नाही. दुसरं काहीही सांगा, हे नाही करणार. दोन किलो कधी वाढले?"

"तीन-चार दिवसांत."

"एवढ्यात? असं खातात तरी काय?"

खातात? बाबा तर ताटातलं निम्मं टाकत होते. उशी टोचते म्हणून दोन रात्री खुर्चीत बसून झोपत होते... आणि एकदम सिस्टरचा आवाज कानात आला. 'झपाट्याने वाढलं ना, तर ते मांस नसतं, पाणी असतं. लगेच आम्हाला कळवायचं.'

"माझे बाबा..." एवढंच म्हणता आलं.

त्याने हातातलं काम टाकलं. शटर खाली ओढलं, स्कूटर काढली. "बसा."

घरून बाबांना रिक्षात घालून आम्ही हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं, तातडीने औषधं सुरू केली आणि मग मला समजावलं. अटॅकमध्ये हृदयाचा काही भाग निकामी झाला होता. उरलेला भाग सगळं ओढता ओढता थकला, म्हणून पाणी पायांत आणि फुप्फुसात साचत होतं. "अटॅकनंतर हा धोका असतोच, आणि तो आता कायम राहणार," त्या म्हणाल्या. "गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ कमी, वजन रोज. पण वेळेत आणलंत हं."

वेळेत! त्या एका शब्दासाठी मी कुणाकुणाचे आभार मानले, मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडून पहिलं काय विचारावं? "काटा झाला का दुरुस्त?"

"काटा ठीकच होता, बाबा. बिघडला होतात तुम्ही."

बाबा घरी आले, आणि त्यांच्या मागोमाग दर रविवारी तोही यायला लागला. काटा तपासायला म्हणे.

"वर्षातून एकदा तपासतात ना रे?" बाबांनी मशीनवरून डोळे वर न करता विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "हा जरा... नाजूक आहे."

"काटा की तू?"

एका रविवारी मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले. किती दिवस मनात होतं, ते शेवटी बोलले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"मी काय केलं? नुसतं नाही म्हणालो."

"तेच तर. त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असतात, तर बाबा..." माझे डोळे भरून आले.

तो पायाने चपलेचा अंगठा चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, "तेव्हा मी नाही म्हणालो... आता तुम्ही हो म्हणाल?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून हाक आली.

"ऐकू येतंय मला! हृदय बिघडलंय, कान नाही! आत ये रे, माप घेतो तुझं."

बाबांनी गळ्यातली टेप काढून त्याच्याभोवती गुंडाळली. "कमरेत चांगली माया सोडतो. लग्नानंतर माणूस अंग धरतो."

"आधी काट्यावर!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

बाबा हसले. धाप न लागता, मध्ये कुठे न थांबता, पोट धरून हसले. ते हसणं ऐकत मी उभीच राहिले... आणि टेपमध्ये अडकलेला तो केविलवाणा होऊन माझ्या तोंडाकडे बघत होता.

"अगं, हो म्हण की," बाबा म्हणाले. "किती वेळ हात वर करून उभा राहील तो?"

"हो," मी म्हटलं.